डिझायरला मोठी चाकं बसवू काय? पांदणीत चेंबर लागते

काळीमाती२९ · ९ जून, रात्री ९:४०

राम राम मंडळी. गाडी २०१४ ची डिझायर, पेट्रोल, व्ही व्हेरियंट. ९२ हजार किलोमीटर झाले. टायर १६५/८० आर १४, कंपनीचाच आकार, आणि चारही पार गोटा झालेत. म्हणजे या महिन्यात खर्च ठरलेलाच आहे.

माझं कृषी केंद्र आर्णीत, घर गावात. त्यातलं शेवटचं दोन किलोमीटर निव्वळ पांदण. दोन्ही बाजूंना ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आणि मधोमध माजलेला उंचवटा. गेल्या पावसाळ्यात तीनदा चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) लागला, तिसऱ्यांदा ऑइल गळायला लागलं आणि गाडी ट्रॅक्टरनं ओढत आणावी लागली. अख्ख्या गावानं पाहिली.

साळा म्हणतो १६ इंची अलॉय टाका, गाडी उंच होते आणि दिसतेही भारी. यवतमाळचा एक दुकानदारही १६ साठीच मागं लागला आहे. बायको म्हणते आधी हंगाम निघू द्या. मृग लागला, दुकानात बियाण्याची गर्दी, मला काही सुचत नाही. मोठ्या चाकानं उंची खरंच मिळते का? मिळाली तर किती? घासेल का? मायलेजचं काय होईल?

मराठी_टॉर्क · ९ जून, रात्री १०:०५

बिनधास्त १९५/५५ आर १६ घाला. रुंद टायर, वळणावर पकड, गाडीचा लुकच बदलतो. १४ ची चाकं आता फक्त टॅक्सीवर दिसतात. मी पुण्यात तीन वर्षं वापरतोय, शून्य तक्रार.

सूतभर · ९ जून, रात्री ११:२०

टॉर्क, लुक बदलतो हे मान्य. पण काळीमातीभाऊंनी उंची विचारली आहे. जरा हिशोब मांडू.

१६५/८० आर १४ मध्ये १६५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरची भिंत त्या रुंदीच्या ८० टक्के, १३२ मिमी. रिम १४ इंच, म्हणजे ३५५.६ मिमी. भिंत वर एक आणि खाली एक, म्हणून २६४ मिळवा. चाकाची पूर्ण उंची झाली साधारण ६२० मिमी.

आता टॉर्क सांगतात ते १९५/५५ आर १६. भिंत १०७, दोन्हींची मिळून २१४.५, रिम ४०६.४. बेरीज ६२१! आणि गाडी उचलली जाते ती वाढीच्या निम्मीच, कारण अर्धं चाक आखाच्या वर असतं. म्हणजे एवढा पैसा ओतून चेंबर जमिनीपासून अर्धा मिलिमीटर वर गेला. पोस्टकार्डही त्याहून फार पातळ नसतं.

गंमत पुढंच आहे. या गाडीला बरेच जण 'मोठा टायर' म्हणून १८५/७० आर १४ घालतात. त्याची उंची येते ६१५. रुंदी वाढली, पण गाडी अडीच मिलिमीटर खाली बसली. टायरवरचा पहिला आकडा मोठा झाला म्हणून चाक मोठं झालं, असं होत नाही.

खरोखर उंच करायची तर १९५/६५ आर १५ चं चाक येतं ६३४.५ मिमी. गाडी साडेसात मिलिमीटर वर, पाऊण सेंटीमीटर. त्यापलीकडे या गाडीच्या मडगार्डात जागा शोधायची म्हणजे कठीणच.

काळीमाती२९ · १० जून, सकाळी ६:५०

सूतभर, म्हणजे १६ ची घेतली तर उंचीत काहीच नाही? दुकानदार तर हातानं वीतभर दाखवत होता.

सूतभर · १० जून, सकाळी ८:१५

रिम दोन इंचांनी वाढली हे खरं सांगत होता तो. भिंत तेवढीच कमी झाली हे सांगितलं नाही. आणि तुमच्या रस्त्यावर धक्का खाते ती भिंत. रबर आणि हवा काढून त्या जागी धातू बसवताय तुम्ही.

टायर घ्यायच्या आधी एक माप घ्या. गाडी सपाट फरशीवर उभी करा, चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा. चारही चाकांचं लिहून काढा. या मापात टायर येतच नाही, त्यामुळे स्प्रिंग किती बसल्या ते कळतं. ९२ हजारांत पुढच्या स्प्रिंग बसलेल्या असू शकतात. आणि डिक्कीत काय काय भरता तेही सांगा.

रानजाई · १० जून, दुपारी ४:३०

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, रोजचं जाणंयेणं ३८ किलोमीटर. १६ च्या हौसेची फी मी भरून झाले आहे, म्हणून लिहिते.

माझी हॅचबॅक, मूळ चाकं १४ ची. भावानं हौसेनं १६ ची अलॉय घालून दिली. पहिला महिना शाळेची पोरं चाकाला हात लावून बघायची. मग पावसात पाण्यानं भरलेला एक खड्डा, वेग फार तर ४०. आवाज असा आला की मला वाटलं गाडीखाली कुणी सापडलं. अलॉयची कड आत वाकली आणि टायरच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा आला. फुगा म्हणजे आतले धागे तुटले, तो टायर दुरुस्त होत नाही, फेकायचाच. नवा घ्यायला गेले तर तालुक्यात तो आकारच नाही. पाच दिवस एसटीनं शाळेत गेले.

लोखंडी रिम वाकली तर आमच्या फाट्यावरचा पंक्चरवाला घणानं ठोकून तासाभरात कामापुरती सरळ करतो. अलॉयला तो हातही लावत नाही, "ताई, तडकली तं माह्यावर येईन" म्हणतो. आता पुन्हा १४ ची लोखंडी चाकं, वर प्लास्टिकची टोपी. त्यातल्या दोन टोप्या कुठं उडाल्या देव जाणे.

पाना१४ · १० जून, रात्री ९:५५

भाऊ, मी वणीले टायरचंच काम करतो, वीस वर्षं झाले. सूतभर भाऊनं कागदावरचं सांगतलं, मी हातातलं सांगतो.

मोठं चाक बसवाचं असन तं पयले एकच चाक लावून पाहा. पुढं लावा, स्टेअरिंग पूर्न डावीकडे कापा, मंग पूर्न उजवीकडे. रिकाम्या गाडीत घासत नाई म्हनून खुश होऊ नोका. मांगं तीन मानसं बसवा, डिक्कीत माल ठेवा, अन् गाडी हळूच एका चाकानं विटेवर चढवा. तवा घासते. आतल्या अंगानं शॉकअपच्या स्प्रिंगच्या बसकनीजवय बोट जाते का पाहा. बोट गेलं नाई तं थो टायर ठेवू नोका.

दुसरं. बजारातली रिम घेतली तं चार नटायचं अंतर जमलं म्हंजे झालं असं नसते. स्विफ्ट-डिझायरले ४ बाय १०० (चार नट, १०० मिमी व्यासाच्या गोलावर) लागते, पन मधातलं भोक ५४.१ मिमी पाह्यजे. मोठ्या भोकाची रिम नुसत्या नटावर लटकते, ८० च्या वर स्टेअरिंग थरथरते, अन् गिऱ्हाईक मंग बॅलन्सिंगवाल्याले शिव्या देते. मधात रिंग टाकावी लागते.

तिसरं सगळ्यात मोठं. आपली काई माती. पुन्यातल्या भाऊले हे समजनार नाई, त्यायचा दोष नाई. भर पावसात गारा (चिखल) पातळ रायते, गाडी निंगून जाते. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं का थेच माती गोंदावानी होते. टायरले चिकटते, टायर तिले वर मडगार्डात नेऊन दाबते. टायर अन् मडगार्डामंधी जागा असन तं पडून जाते. जागा नसन तं ठासून भरते अन् चाक जाम. ट्रॅक्टरवाल्याले इचारा. उंचीसाठी चाक मोठं कराल तं तेवढी जागा वरतून कमी होते, हे ध्यानात ठेवा.

मराठी_टॉर्क · १० जून, रात्री १०:३०

मुद्दा पटला, चिखलाचा अनुभव मला नाही. पण रुंद टायर चिखलात कमी रुततो ना? म्हणून तर शेतीची मोठी यंत्रं रुंद टायरवर असतात.

तुंबाआख · ११ जून, सकाळी ५:४०

वयानं तुम्हा सर्वांपेक्षा मोठा असेन, चौऱ्याहत्तर पूर्ण. मुलानं फोनवर मराठी टाइप करायला शिकवलं आहे, चुकीभूल सांभाळून घ्या.

टॉर्क यांच्या प्रश्नाला दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. खाली तळच नसेल तर रुंद चाक तरंगतं. वर चार बोटं चिखल आणि खाली मुरूम असेल तर अरुंद चाक चिखल कापून मुरमाला लागतं. आमच्या जुन्या बैलबंडीचं चाक छातीएवढं उंच आणि धाव (चाकावरची लोखंडी पट्टी) दोन-अडीच बोटं रुंद. पांदणीत तीच निघायची. पुढं रबरी टायरच्या बंड्या आल्या, ओढायला बैलांना हलक्या, डांबरी रस्त्यावर छान. पण माझी पहिली टायरबंडी त्याच पांदणीत रुतली आणि ती काढायला जुनी लाकडी बंडी आणावी लागली.

चाकाच्या मापावरून आठवलं. धाव बसवायचा दिवस म्हणजे आम्हा पोरांना जत्राच. लोहार आधी लाकडी चाकाचा घेर मोजायचा आणि लोखंडी धाव मुद्दाम किंचित लहान ठेवायचा. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल व्हायची, फुगायची, मग सांडशीनं उचलून चाकावर घालून वर पाणी. लाकूड चर्र करायचं, धाव आवळली की सगळे आरे तुंब्यात (चाकाच्या मधल्या गाभ्यात) घट्ट. लहान ठेवली तर आरे मोडायचे, मोठी ठेवली तर उन्हाळ्यात लाकूड सुकलं की धाव रस्त्यातच निघून पळायची. तो लोहार सुताएवढ्या (इंचाच्या आठव्या भागाएवढ्या) फरकासाठी धाव पुन्हा भट्टीत घालायचा. तुमचे हे मिलिमीटरचे हिशोब वाचून त्याची आठवण झाली.

अवांतर झालं. चालू द्या.

सूतभर · ११ जून, सकाळी ९:०५

काका, अवांतर काय! माझं इथलं नाव त्याच सुतावरून आहे.

कलमबहाद्दर · ११ जून, दुपारी १:१५

कायद्याचंही थोडं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला अशा प्रत्येक बदलामागं ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. टायरसाठी कुणी आत टाकत नाही, पण अपघात झाला की विमा कंपनीचा माणूस आधी चाकाकडंच बघतो.

सोपा मार्ग असा की त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला निर्मात्यानं जो आकार दिला तोच घ्यायचा. तुमच्या गाडीच्या झेड व्हेरियंटला १८५/६५ आर १५ होता. नव्या टायरचा भार-निर्देशांक जुन्यापेक्षा कमी नको. ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०.

आणि भाऊ, 'पार गोटा' असं जाहीर लिहू नका. खाचा १.६ मिमीहून कमी झाल्या की तो टायर रस्त्यावर चालवणंच बेकायदा.

काळीमाती२९ · ११ जून, रात्री १०:१०

सगळ्यांचे आभार. सूतभर, टेप लावला. पुढचं डावं उजव्यापेक्षा १४ मिमी खाली. डिक्कीत बहुतेक वेळा डीएपीची दोन पोती असतात, म्हणजे १०० किलो. हंगामात कधी तीन. आता हसू नका.

रानजाई · ११ जून, रात्री १०:२५

हसत नाही, पण दीडशे किलो मागं टाकून गाडी खाली लागते असं म्हणताय!

भरउन्हात · १२ जून, सकाळी ७:३०

मी चंद्रपूरचा, एक वेगळा मुद्दा. टायर कोणताही घ्या, आपल्याकडं उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची जी पद्धत आहे ती सोडा. पारा ४५ च्या वर जातो, लोकांना वाटतं हवा फुगून टायर फुटेल, म्हणून पाच पॉइंट (पीएसआय) काढतात. होतं उलटं. हवा कमी म्हणजे भिंत जास्त दुमडते, दुमडली की आतून तापते, आणि तापलेला टायर समृद्धीच्या काँक्रीटवर १२० नं तास-दोन तास पळवला की फुटतो. दारावरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा सकाळी, गाडी थंड असताना भरायची. तापमान पाच-सहा अंशांनी चढलं की दाब साधारण एक पॉइंट वाढतो, कंपनीनं ते धरूनच आकडा दिलेला असतो.

टायर घेताना भिंतीवरच्या लंबगोलातले चार आकडेही बघा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. 'स्वस्तात देतो' म्हटलं की हमखास चार वर्षं गोदामात पडलेला माल निघतो.

काळीमाती२९ · १८ जून, रात्री ८:४५

ठरलं. साळ्याच्या ओळखीत झेड व्हेरियंटच्या १५ च्या चार जुन्या रिम मिळाल्या. भोक, नट सगळं मूळचं. त्यावर १९५/६५ टाकतोय. १८५/६५ नं एकच मिलिमीटर मिळतो, मग एवढा खटाटोप कशाला? रिकाम्या गाडीत स्टेअरिंग कापून बघितलं, घासत नाही.

पाना१४ · १८ जून, रात्री ९:००

भाऊ, रिकाम्या गाडीत?

सूतभर · १९ जून, सकाळी ८:२०

आणि स्प्रिंग?

काळीमाती२९ · ३ ऑगस्ट, रात्री ११:१५

दीड महिन्यानं येतोय. शिव्या खायची तयारी करून आलोय.

जून नीट गेला. गाडी दिसते छान, हे खोटं कसं सांगू. पिकअप जरा मंद झाला, दुसऱ्या गिअरवर चढ घेताना कळतो. मायलेज १९ चं १७.२ झालं. मोठ्या चाकामुळं मीटर कमी किलोमीटर दाखवतं, म्हणून त्याला १.०२४ नं गुणलं तर १७.६. तरी सव्वा-दीड गेलंच. स्पीडोमीटर ८० दाखवतं तेव्हा खरा वेग आधीपेक्षा दोननं जास्त.

परवा आठवडाभराची झड उघडली. दुपारी चटचटीत ऊन. मागं आई आणि दोन्ही पोरं, डिक्कीत दोन पोती. पांदणीत अर्ध्यावर गेलो आणि गाडी जड झाली, जणू कुणी मागून धरून ठेवली. पहिल्यावर ॲक्सिलरेटर दिला तर करकर आवाज आणि जळक्या रबराचा वास. उतरून बघतो तर पुढच्या दोन्ही मडगार्डांत माती अशी ठासली होती की चाक कुठं संपतं आणि गाडी कुठं सुरू होते ते दिसेना. आतलं प्लास्टिकचं अस्तर फाटून टायरला गुंडाळलेलं. तुराटीनं उकरून काढायला पाऊण तास लागला. आई खाली उतरली, पदर खोचला आणि म्हणाली, "तुह्या बापाची बंडी कधी अशी अडली नाही रे."

त्यातून निघालो तर फाट्याजवळ बाभळीच्या काट्यानं डावं मागचं चाक बसलं. स्टेपनी जुनीच, १४ ची. एका बाजूला ६३४, दुसऱ्या बाजूला ६२०. चाळीसच्या वेगानं घरी आलो.

आणि चेंबर? लागला. दोनदा.

पाना१४ · ४ ऑगस्ट, सकाळी ७:१०

शिव्या नाई देत भाऊ, मायनं दिल्या तेवढ्या पुरे हायेत. अस्तराचे तुकडे नीट काढून घ्या, एबीएसच्या तारीजवय अटकले तं वेगळाच खर्च. अन् बरं झालं मांगं लावलं स्टेपनी. तुमची गाडी पुढच्या चाकायवर ओढते. पुढं असं लहानमोठं लावून लांब गेले असते तं डिफरन्शियलनं रडगानं लावलं असतं.

मराठी_टॉर्क · ४ ऑगस्ट, सकाळी ९:४०

माझा १६ चा सल्ला मी मागं घेतो. पुण्यात राहून पांदणीवर बोलू नये. (पुण्यातल्या खड्ड्यांवर मात्र वेगळा धागा काढू शकतो.)

तुंबाआख · ४ ऑगस्ट, सकाळी १०:०५

आईंना नमस्कार सांगा. लाकडी चाकाला वर मडगार्डच नव्हतं, म्हणून माती अडायची नाही. एवढंच कारण. त्यांच्या वेळी बंडीत डीएपीही नव्हतं.

काळीमाती२९ · १६ नोव्हेंबर, रात्री ९:२०

धागा वर काढतोय, कारण दोघातिघांनी व्यनि (खासगी निरोप) करून शेवट विचारला.

पोळ्याच्या आधी पुन्हा १४ च्या लोखंडी रिम चढवल्या, नवे टायर १६५/८० च. पुढच्या दोन्ही स्प्रिंग, शॉकअप आणि वरच्या माउंटिंग बदलल्या. सगळं बसल्यावर तोच टेप लावला. पुढून डावीकडं २१ मिमी आणि उजवीकडं ८ मिमी वर आली. सूतभरनं जूनमध्ये सांगितलं होतं तेच. चेंबरखाली लोखंडी गार्ड लावला, त्यात उंचीचे काही मिलिमीटर परत गेले, पण आता लागलं तर गार्डला लागतं. पोती भाच्याच्या तीनचाकीतून येतात, ट्रिपमागं ऐंशी रुपये घेतो लेकाचा.

गेल्या आठवड्यात सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) केलं, कापूस वेचायला सुरुवात झाली. त्या दिवशी चौघं बसून शेतापर्यंत गेलो, गार्ड एकदाच खरडला. तो उंचवटाही आम्ही सहा घरांनी वर्गणी काढून जेसीबीनं दीड तासात छाटून घेतला. गाडीवर जे घातलं त्याच्या पाव हिश्शात.

रानजाई · १६ नोव्हेंबर, रात्री ९:५०

आणि त्या १५ च्या रिम? टायरसकट विकायच्या असतील तर माझ्या सहकाऱ्याकडं झेड डिझायर आहे.

काळीमाती२९ · १६ नोव्हेंबर, रात्री १०:०२

तीन आहेत. चौथ्यात आईनं माती भरून तुळस लावली, ती मागायची माझी हिंमत नाही. तिन्हीवरचे टायर १९५ चे आहेत हे सहकाऱ्यांना आधी सांगा, त्यांच्या गाडीला १८५/६५ लागतात. रिम हव्या असतील तर व्यनि करा, वणीला पानाभाऊंकडून सरळ आहेत की नाही ते तपासूनच देतो.

पाना१४ · १६ नोव्हेंबर, रात्री १०:१५

आनून द्या भाऊ. तुयशीची सोडून.